सासरवाडीचा फीडर

वीजखात्यात नोकरी केलेला माणूस लग्नात, मयतीत, दवाखान्यात कुठेही भेटो, लोक त्याला एकच प्रश्न विचारतात : लाइट कधी येणार? मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी परवा जालन्यात, मस्तगडात भाजी घेताना एका गृहस्थांनी मला अडवून हेच विचारलं. मी म्हणालो, "मला काय माहीत? मी रिटायर झालो." तर म्हणतात, "मग फोन लावून विचारा की, तुमचीच माणसं आहेत." जन्मभर मी या प्रश्नाचं खरं उत्तर देत आलो आणि जन्मभर लोकांना ते खोटं वाटलं. त्यामुळे दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी ठरवून टाकलं. लाइट कधी येते हे या वेळी सांगायचंच नाही. नको तेव्हा ती कशी येते, ते सांगायचं.

मी ऑपरेटर होतो. एक्क्याऐंशीच्या सुमारास खात्यात लागलो आणि नोकरीतली ऐन वर्षं वाटूर-मंठा रस्त्यालगतच्या एका छोट्या सबस्टेशनात काढली. मोठ्या लाइनीवरून आलेली वीज आमच्याकडे कमी दाबाची होते आणि तिथून वेगवेगळ्या दिशांनी गावांकडे जाते. अशा एकेका दिशेच्या लाइनीला फीडर म्हणायचं. प्रत्येक फीडरच्या तोंडाशी एक ब्रेकर, म्हणजे घरातल्या मेन स्विचचा थोरला भाऊ. तारेवर काही बिघाड झाला की तो आपोआप पडतो आणि फीडर बंद होतो. पडलेला ब्रेकर पुन्हा चढवायचा, हे माझं काम. बाकी वेळ काटे बघायचे आणि फोनवर शिव्या खायच्या.

ब्रेकर पडायला काहीही पुरतं. वान्नर एका तारेवरून दुसरीवर हात टाकतं. कावळा बाभळीच्या काड्या सोडून नेमकी लोखंडी तार आणून खांबावर घरटं बांधतो. वाऱ्याने फांदी घासते, वीज पडते. यातले बहुतेक बिघाड क्षणाचे असतात. जाळ होतो, ब्रेकर पडतो, वान्नर बिचारं खाली कोसळतं आणि लाइन पुन्हा पहिल्यासारखी ठणठणीत. पण खोलीत बसलेल्या ऑपरेटरला हे कसं कळणार? तार तुटून कुणाच्या शेतात पडली असेल तर? म्हणून आम्ही थोडं थांबायचो. चहा टाकायचा, इकडेतिकडे फोन करायचे आणि मग ब्रेकर चढवून बघायचा. टिकला तर टिकला, पुन्हा पडला तर लाइनमनला शोधायला निघायचं.

आमच्या या थांबण्यावर एका अख्ख्या गावाने आपला संसार मांडला होता, आणि ते गाव माझी सासरवाडी होतं.

टाकळी आमच्याच फीडरवर. तिथल्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला की गाव अंधारात आणि विहिरींवरच्या मोटारी बंद. फ्यूज म्हणजे बोटभर तार, बांधायला कितीसा वेळ लागतो? पण ती बांधायची तर वरची लाइन बंद पाहिजे. कायद्याची रीत अशी, की लाइनमनने सबस्टेशनात येऊन परमिट घ्यायचं, ऑपरेटरने ब्रेकर उघडून कुलूप घालायचं आणि मगच लाइनमनने खांबावर चढायचं. पण लाइनमन एक आणि गावं ढीगभर. तो आज या टोकाला तर उद्या त्या टोकाला. डीपीच्या खांबावर लाइन हाताने तोडायचा एक लोखंडी दांडा असतो, पण टाकळीचा दांडा गंजून असा बसला होता की हत्ती जुंपला तरी हलला नसता. त्याच्या दुरुस्तीसाठी मी किती वेळा वर सांगितलं, याची मोजदाद मीच सोडून दिली.

मग गावाने आपली रीत काढली. बैलाची जुनी साखळी घ्यायची आणि डीपीच्या अलीकडे तारांवर भिरकावायची. धाडकन जाळ व्हायचा, सबस्टेशनात ब्रेकर पडायचा, साखळी खाली गळायची. आता ऑपरेटर चहा पिईल, फोन करील. तेवढ्यात एकाने चढायचं, फ्यूज बांधायचा आणि उतरायचं. साखळी उचलून पुन्हा गोठ्यात! लोकांना हा वेडेपणा वाटेल, आणि तो होताच. पण वर्षानुवर्षं तो पचला आणि पचलेल्या वेडेपणालाच पुढे रीत म्हणतात.

खांबावर चढणारा गडी म्हणजे दिगंबर, माझ्या बायकोचा, सुमनचा धाकटा भाऊ. सडपातळ, हसरा, कुणाच्याही मदतीला धावणारा आणि कुणाचंही न ऐकणारा. रोज सकाळी दूध घेऊन वाटूरला जायचा. जाताना सबस्टेशनच्या आवारातल्या आमच्या क्वार्टरवर थांबून बहिणीला लिटरभर दूध द्यायचा आणि चहा घेता घेता विचारायचा, "दाजीची ड्यूटी कवा हाय आज?" मला वाटायचं, मेव्हण्याला माझी केवढी काळजी. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला, की माझी पाळी बघून गावात साखळीचा मुहूर्त काढला जात होता.

मी त्याला धरलं. "दिगंबर, हे बंद कर. मरशील एखाद्या दिवशी."

"कसा मरंल, दाजी? तुमी बसेल हायेत की तिथं."

"मी बसलोय म्हणून काय झालं?"

"मंग तुमी काय मेव्हणा वर असताना लाइन सोडताल का?"

गावात मी कुणाचा दाजी, कुणाचा जावई, कुणाचा आतोबा. अख्ख्या टाकळीचा असा पक्का समज, की तारांमधून येणारी वीज आधी जावयाची परवानगी घेते आणि मग गावात शिरते. सुरुवातीला मला यात थोडी फुशारकीही वाटायची, ते नाकारत नाही. सासरवाडीत भाव कुणाला नको असतो?

नव्वदीनंतर कधीतरी ते नवं यंत्र आलं आणि त्या फुशारकीचा माझ्या गळ्यात फास झाला.

यंत्राचं काम थोडक्यात सांगतो. मोठ्या लाइनींवर, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वीज नेणाऱ्या उंच मनोऱ्यांच्या लाइनींवर, ते आधीपासून होतं. जालन्याला मोठ्या सबस्टेशनात आम्हाला ते शिकवलं होतं. विचार साधा आहे. बहुतेक बिघाड क्षणाचे असतात, तर माणसाची वाट कशाला बघायची? लाइनीवर वीज पडली, तार खांबाला लागू न देणाऱ्या चिनीमातीच्या कप्पीवरून जाळ उडाला, ब्रेकर पडला. वीज बंद झाल्यावर जाळ विझतो. मग ब्रेकरने स्वतःच पुन्हा चढायचं. बिघाड गेला असेल तर लाइन चालू, आणि लोकांना फक्त दिवा एकदा मिचकल्यासारखा दिसतो. बिघाड तसाच असेल तर ब्रेकर पुन्हा पडतो, आणि मग मात्र तो हट्टाला पेटत नाही. कुलूप लागल्यासारखा पडून राहतो आणि माणसाची वाट बघतो. मोठ्या लाइनींवर हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकतं. आमच्या फीडरवर बसवलं ते यंत्र जरा निवांत होतं, पण चहाचं पातेलं स्टोव्हवर ठेवण्याइतकाही वेळ ते देत नसे.

यंत्र उत्तम होतं. माझा राग यंत्रावर कधीच नव्हता. पूर्वी एका कावळ्यापायी घटकाभर अंधारात बसणारी गावं आता नुसती पापणी लवावी तशी लवायची. मला बरं वाटायचं. पण पहिल्याच आठवड्यात जेवताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि घास तोंडातच राहिला. टाकळीच्या डीपीचा फ्यूज उडालेला असतो तेव्हा गावात आधीच अंधार असतो. साखळी फेकली, जाळ झाला, साखळी गळाली, आणि दिगंबर पाय वर टाकतो न टाकतो तोच वरची लाइन पुन्हा चालू! गावात मात्र अंधार तसाच, कारण फ्यूज उडालेला. वर मरण आलंय, हे खाली कुणाला कळायचा मार्गच नाही.

दुसऱ्याच दिवशी मी टाकळी गाठली. नेमका अधिक महिना होता, म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण. पाटावर बसवलं, औक्षण झालं, नवा टॉवेल-टोपी झाली. चार माणसं जमलेलीच होती, म्हणून मी तिथेच सुरुवात केली. साखळी, यंत्र, आपोआप चढणं, सगळं नीट समजावून सांगितलं. सगळे माना डोलवत होते. मला वाटलं, पटलं यांना.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, बोलून बोलून दमलेत. धोंडा घ्या अजून एक."

दिगंबर म्हणाला, "म्हणजी दाजी, आता लाइन जल्दी येती म्हना की. चांगलंच झालं."

"अरे, चांगलं काय झालं? मी चालू करत नाही, ते आपोआप चालू होतं!"

"पर तुमी बसेल असतेत ना तिथं?"

पालथ्या घड्यावर पाणी! तूप सोडलेला धोंडा माझ्या घशाखाली उतरेना.

मग मी दिगंबरला आणि गावच्या दोघा जाणत्यांना सबस्टेशनात नेलं. त्या दिवशी यंत्राच्या तपासणीला माणसं आली होती. ब्रेकर मुद्दाम पाडला, तो खाडकन पडला आणि थोड्या वेळाने आपला आपण चढला. मी दोन्ही हात वर करून टेबलापासून चार हात लांब उभा होतो, शाळेत मास्तरांनी हात वर करून उभं केलेल्या पोरासारखा. "बघा, हात कुठं लागला का माझा?"

एक म्हातारबा माझ्या पायांकडे बघत होते. म्हणाले, "खाली पायानं दाबायचं आसंल कायतरी."

मी साहेबांकडे गेलो. आमच्या साहेबांची चूक होती असंही म्हणवत नाही. त्यांना वरून विचारणा होई, फीडर किती वेळा आणि किती वेळ बंद राहिला. यंत्राने तो वेळ कमी झाला होता. मी म्हणालो, "साहेब, या एका फीडरचं यंत्र बंद ठेवू द्या. लोक साखळी टाकतात."

"लोक गुन्हा करतात म्हणून आपण यंत्र बंद ठेवायचं? उद्या म्हणाल, चोर येतात म्हणून दारं उघडी ठेवा."

"मग निदान तो गंजलेला दांडा तरी बदलून द्या."

"मागणी गेली आहे."

मागणी कायम गेलेलीच असायची. कुठे गेली, हे तिलाच माहीत. मी एकदा आपल्या जबाबदारीवर यंत्राची चावी बंद केली, तर चौथ्या दिवशी साहेबांनी ती पुन्हा चालू करून चावीच काढून नेली. राहता राहिले बाकीचे ऑपरेटर. तीन पाळ्यांत आम्ही तीन माणसं होतो. मी दिगंबरला म्हणालो, "माझी पाळी नसेल तेव्हा काय करशील?" तो हसला. "त्यांनला तुमी सांगून ठेवलं आसंल की, टाकळीकडं ध्यान ठेवा म्हनून." ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी हात टेकले.

आणि मग तो दिवस आला. गव्हाला पाण्याची घाई होती. सकाळीच दिगंबर दूध देताना सुमनला सांगून गेला होता, डीपीचा फ्यूज रात्रीच उडाला, लाइनमन परतुराकडे गेलाय. तिने हे मला सांगितलं. मी तिला बजावलं, तो पुन्हा आला तर सांग, लाइनमन येईपर्यंत खांबाजवळसुद्धा जायचं नाही. पण तो परत कुठला यायला? ऊन वर आल्यावर मी काटे बघत बसलो होतो, तोच टाकळीच्या फीडरचा ब्रेकर खाडकन पडला. मी उठेपर्यंत तो चढलासुद्धा. काटा परत जागेवर आला. मला वाटलं, वान्नर असेल. यंत्राला मनातल्या मनात शाबासकीही दिली. खुर्चीत परत टेकलो, आणि मग सुमनने सकाळी सांगितलेलं आठवलं.

वान्नर कशावरून? फ्यूज रात्रीच उडालाय, गावाला गव्हाची घाई आणि माझी पाळी.

मी धावत जाऊन ब्रेकर हाताने खाली ओढला. फीडर बंद. टाकळी, तिच्या पलीकडची गावं, सगळीकडच्या चालू मोटारी, पिठाच्या गिरण्या, एका कापसाच्या जिनिंगचं काम, सगळं थांबलं. नियमाने मला हे करायचं काहीही कारण नव्हतं. लाइन ठणठणीत होती.

टाकळीच्या ग्रामपंचायतीत एक फोन होता. तो वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. मी सबस्टेशन सोडून जाऊ शकत नव्हतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. जिनिंगवाल्याने त्यांना झापलं असणार.

"फीडर का बंद आहे?"

"मी बंद केलाय, साहेब. टाकळीत माणूस खांबावर आहे."

"परमिट घेतलंय त्याने?"

"नाही."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

साहेब म्हणाले, "भुतेकर, स्वप्नं पडायला लागली का दिवसा? चालू करा."

"माणूस खाली उतरल्याचं कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. तुम्ही दुसरा ऑपरेटर पाठवा."

आयुष्यात मी साहेबाशी असा एकदाच बोललो. आपण चुकलो असलो तर नोकरीवर आलं, आणि बरोबर असलो तर आपल्याला उशीर झाला नाही कशावरून? सुमन क्वार्टरच्या दारातून माझ्याकडे बघत होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. ती माझ्या जवळ आली नाही. भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. त्या वेळी मला माझ्या नोकरीचा, यंत्राचा, सासरवाडीचा, सगळ्याचा मनापासून संताप आला होता आणि त्याच्या खाली नुसती भीती होती.

बऱ्याच वेळाने रस्त्यावर लुना फटफटत आली. दिगंबर! अंगावर धूळ, तोंडभर हसू.

"दाजी, सोडा लाइन आता. झालं काम."

सुमनने त्याला तिथेच, रस्त्यात, पाठीत दोन धपाटे घातले आणि मग रडायला लागली. तो गोंधळला. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, "काय काय झालं ते नीट सांग."

"काय न्हाई. साखळी टाकली, जाळ झाला, साखळी पडली खाली. चढलो. वर गेलो तं कप्पीपाशी चर्र चर्र व्हऊन राह्यलं होतं. म्या म्हनलं, आँ? लाइन तं गेल्ती. हात लावाव का न्हाई, म्हनून थांबलो जरासा. मंग आवाज बंद झाला. म्या म्हनलं, बराबर, दाजीला कळालं."

त्याचा हात आणि ती तार यांच्यात केवढं अंतर उरलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

आता कुणालाही वाटेल, एवढ्यावर तरी तो शहाणा झाला असेल. झालं उलटंच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की दिगंबर वर होता आणि दाजीने तिथून बसल्या जागी ओळखून लाइन तोडली. सासूबाईंनी माझी दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या पाठवल्या. पूर्वी एकटा दिगंबर चढायचा, आता शेजारच्या वाडीतले दोघेही चढू लागले. "भ्यायचं काम न्हाई, दाजी हाय." मी त्याचा जीव वाचवला आणि तसं करून त्याच्या खुळ्या समजुतीवर खात्याचा शिक्का मारून बसलो. डोकं आपटून घ्यावं असं वाटायचं.

दोनतीन आठवडे मी रजा घेतली नाही, पाळी सोडून घरी जायचं जिवावर यायचं. ब्रेकर पडला की प्रत्येक वेळी मी फीडर बंद करायचो. बहुतेक वेळा ते वान्नरच असायचं. साहेबांचा आवाज दिवसेंदिवस थंड होत गेला. शेवटी एका दुपारी मला सरळ दिसलं, की हे लोक यंत्रावर विसंबून नाहीत आणि नशिबावरही नाहीत. ते माझ्यावर विसंबून चढतात, म्हणजे खुर्चीत मी नको.

मी जालन्याला बदली मागणारा अर्ज केला. साहेबांनी इतक्या चटकन मंजूर करून घेतलेला तो माझा एकमेव अर्ज. सुमनला सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढे होती. तिचं माहेर हाकेच्या अंतरावर, रोज सकाळी भाऊ दारात, क्वार्टरमागे तिने लावलेली मेथी, कोथिंबीर, वांगी. ती म्हणाली, "सायबानं केली का बदली?"

"नाही. मीच मागितली. तुझा भाऊ माझ्या जिवावर चढतो, सुमन."

तिने भाकरी उलटली, भाजली, टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "भांडी पोत्यात भरावी लागतील. खोकी कमी पडतेत." तिच्याइतकं मोठं मन माझं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

माझ्या जागी मुळे नावाचे ऑपरेटर येणार होते, लातूरकडचे. मी त्यांच्याबरोबर पूर्वी काम केलं होतं. मुंगी चिरडेल म्हणून खाली बघून चालणारा माणूस. ब्रेकर चढवायच्या आधी तीनदा विचारणार, चौथ्यांदा स्वतःला विचारणार. त्यांच्याइतका सांभाळून काम करणारा ऑपरेटर मी पाहिला नाही. आणि मी टाकळीत जाऊन मारुतीच्या पारावर, चार माणसांत, त्यांच्याबद्दल काय सांगितलं? सांगितलं, की नवा माणूस भयंकर आहे. कुणाचं ऐकत नाही. माणूस खांबावर आहे म्हणून हातापाया पडलं तरी लाइन सोडतो. मागच्या गावी त्याच्यापायी एक जण गेला. सगळं सपशेल खोटं! बोलताना जीभ अडखळत होती, पण दिगंबरच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आणखी दोन गोष्टी रचून घातल्या.

"असा मानूस ठेवतेतच कशाला?" दिगंबर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा तारेची भीती बघितली. मला इतका आनंद झाला, की लपवायला तोंड फिरवावं लागलं.

खुर्चीत कधी कोण असेल हे विचारायला आता क्वार्टरवर बहीणही नव्हती, आणि साखळी बंद झाली. गावकरी तासनतास लाइनमनची वाट बघू लागले, मुळ्यांना शिव्या देत. एवढंच नव्हे, चारपाच गावं मिळून साहेबांच्या कचेरीवर गेली, की आम्हाला या माणसाचा भरवसा नाही, आमच्या डीपीचा दांडा दुरुस्त करून द्या. माझ्या मागणीने जे झालं नाही, ते यांच्या भीतीने झालं. दांडा बदलला.

मधल्या काळात एकदा मुळे माझ्या मस्तगडातल्या खोलीवर आले. आढेवेढे न घेता म्हणाले, "भुतेकर, त्या गावात मला कुणी प्यायला पाणी देत नाही. बाजारात बायका पोरांना माझ्याकडे बोट दाखवतात. तुम्ही काही बोललात का?"

मी सगळं सांगितलं. खाली मान घालून, एक शब्द न गाळता. ते रागावतील, भांडतील, तक्रार करतील, कशालाही माझी तयारी होती. ते म्हणाले, "मी आणखी काय काय केलंय ते सविस्तर सांगा. कुणी विचारलं तर माझं उत्तर वेगळं यायला नको."

पुढे पुष्कळ वर्षांनी दिगंबरच्या मुलीचं लग्न निघालं. तोवर मी रिटायर झालो होतो आणि मुळेही जालन्यातच स्थायिक झाले होते. दांडा होता, साखळी लोक विसरले होते. आता खरं सांगायला हरकत नाही, असं मला वाटलं. आदल्या दिवशी मी दिगंबरला बाजूला घेतलं. "मुळ्यांना पत्रिका दिलीस का?"

"त्या मानसाला? दारात हुबा करनार न्हाई."

मी त्याला सगळं सांगितलं. माझं खोटं, मुळ्यांचा चांगुलपणा, ते का केलं, कुणासाठी केलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, तुमी भल्या मनाचे. तुमाला कुनाचं वाईट बघवतच न्हाई. पर त्यो मानूस बिलकुल बराबर न्हाई. तुमालाबी बनवलं त्यानं."

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवला. तो हसून मांडवाकडे निघून गेला. या माणसाला मी आयुष्यात एकही खरी गोष्ट पटवू शकलो नाही. पटली ती एकच, आणि तीही खोटी होती.

लग्न झालं. मी बुंदीचे लाडू डब्यात भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मुळ्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "दिगंबरने पाठवलेत. आग्रहाने."

मुळ्यांनी डबा उघडला, माझ्याकडे बघितलं. "अजून माझ्याच बाबतीत खोटं बोलता होय हो?"

त्यांनी एक लाडू घेतला, सावकाश खाल्ला आणि विचारलं, "बाकी दिगंबरराव कसे आहेत? धडधाकट?"

"पंगतीत दोन्ही हातांनी वाढत होता," मी म्हणालो.

मुळ्यांनी दुसरा लाडू घेतला.